खात्री करून घेणाऱ्या मगदूम बाई

मगदूम बाई गेल्याचा सांगलीहून फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाईंनी स्वतः याची खात्री करून घेतली असेल का? विचार बरा नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांनी बाईंना जवळून पाहिलंय ते मला माफ करतील. बाई सहजासहजी कशावर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्याच. एस.टी.वर ‘सांगली’ अशी ठळक पाटी असली तरी त्या आधी कंडक्टरला विचारायच्या, मग ड्रायव्हरला आणि मग खिडकीत बसलेल्या एखाद्या बाईला. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, की त्यांना जास्तच संशय यायचा.

मुलींनी शाळेनंतर पुढं काय करावं, हे सांगायलाही कुणीतरी माणूस लागतं, ही गोष्ट आमच्या भागात बाईंच्या आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बाई सांगलीत एका कन्याशाळेत शिकवायच्या. शाळेतून बाहेर पडलेल्या हुशार मुली पुढं दिसायच्या त्या थेट कडेवर पोर घेऊन भाजी मंडईत. मग बाईंनी सासऱ्यांच्या हळदीच्या गोदामामागची खोली रिकामी करून घेतली आणि बाहेर पाटी लावली, ‘मुलींनी पुढे काय करावे याचा सल्ला मिळेल’. करिअर हा शब्द तेव्हा सांगलीपर्यंत यायचा होता. आमच्या कडेगावला तर तो अजून उसाच्या ट्रॉलीमागं अडकून पडलाय, असं आमची ही म्हणते.

लोकांना वाटलं, हे वधूवर सूचक मंडळ. आया पत्रिका घेऊन येऊ लागल्या. बाई पत्रिका उघडायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि विचारायच्या, ‘‘यात मुलीला गणितात किती पडले ते कुठं लिहिलंय?’’

एक किस्सा त्या स्वतः सांगायच्या. कुठल्याशा खेड्यातली एक मुलगी घरी न सांगता बाईंकडं येऊन गेली. हळदीच्या गोदामात बसून आल्यावर माणूस पिवळं होणारच. घरी पोचली तर ओढणी खांद्यावर पिवळी, हाताला हळद. आईनं जो हंबरडा फोडला! पोरीनं परस्पर लग्न उरकलं, एवढंच त्या घराला कळलं. मुलीचे चुलते गाड्या काढून थेट गोदामावर चालून आले, ‘नवरा कुठाय’ म्हणून. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं. पाणी दिलं. मुलीला नर्सिंगला का घालावं, हे शांतपणे सांगितलं. चुलते जायला उठले, तशा बाई म्हणाल्या, ‘‘जरा मागं वळून आपापल्या विजारी बघा. आता तुमचं कुणाशी लावून द्यायचं?’’

त्यांचा ठेवणीतला शब्द होता ‘कशावरून?’ आमचं कॉलेज उत्तम आहे. कशावरून? मुलीला सायन्स झेपणार नाही. कशावरून? शंभर टक्के नोकरीची हमी अशी जाहिरात दिसली, की त्या फोन लावून हमी देणाऱ्याचं पूर्ण नाव विचारायच्या. एखादं कॉलेज बघायला गेल्या, की प्रिन्सिपलांच्या केबिनकडं ढुंकूनही न बघता आधी मुलींच्या स्वच्छतागृहात जायच्या, दाराची कडी आतून लावून बघायच्या, नळ सोडून बघायच्या. मग शिपाई. मग हॉस्टेलची स्वयंपाकीण. एवढं झाल्यावर वेळ उरला तर प्रिन्सिपल.

मुलीला मात्र त्या ‘तुला काय व्हायचंय’ असं कधी विचारत नसत. ‘‘त्याचं उत्तर मुली टीव्हीवरनं पाठ करून येतात,’’ असं त्यांचं म्हणणं. त्या विचारायच्या, ‘‘घरात तुला विचारल्याशिवाय कुठलं काम होत नाही?’’ आणि उत्तराची वाट बघत गप्प बसायच्या. एकदा त्यांनी गमतीनं मलाही हा प्रश्न विचारला. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, गावात चार माणसं मला नाना म्हणून हाक मारतात. मी बराच वेळ विचार केला. शेवटी आतून आमची हीच म्हणाली, ‘‘बाई, ह्यांना विचारून काय होतं, ते विचारा. लवकर सुटाल.’’

बाईंचा आमच्या घराशी संबंध आला तो स्नेहलमुळं. स्नेहल म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भावाला आम्ही सगळे आबा म्हणतो. पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेला माणूस. अजूनही चहाला बोलवायचं तर आवाज असा, की शेजारचा सावधानमध्ये उभा राहावा. स्नेहलची बारावी झाली होती. पुढं काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि कुणी बोलत नाही याचा अर्थ काय, ते तिला कळत होतं. कॉलेजातल्या मॅडमकडून नंबर मिळवून तिनं गुपचूप बाईंना फोन केला.

बाई कडेगावच्या स्टँडवर उतरल्या. इरकल साडी, हातात छत्री. त्यांनी रसवंतीवाल्याला विचारलं, ‘‘सुभेदार पाटलांचं घर कुठलं? ज्यांची मुलगी बारावी झालीय ते.’’ आता परगावची एक भारदस्त बाई मुलीची चौकशी करत आली, तर गावानं काय समजायचं? बाई चालत घरी पोचायच्या आत बातमी गाडीवरून पोचली होती. स्नेहलला शेतातनं बोलावून साडीत गुंडाळलं. वहिनींनी पोह्याला फोडणी टाकली. भावकी जमली. मीही दुकान टाकून धावलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण अशा प्रसंगी काम नसलेली माणसं लागतातच.

आबा इस्त्रीचा शर्ट चढवत बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘या या. आवं पर तुमी रविवारी येणार व्हता न्हवं?’’

‘‘मी? रविवारी?’’ बाईंनी खुर्चीत बसता बसता सगळ्यांवरून नजर फिरवली. ‘‘आणि इतकी माणसं कशाला?’’

आमच्या आत्यानं पदर सावरत विचारलं, ‘‘मुलगा काय करतो म्हणायचा तुमचा?’’

‘‘कुठला मुलगा?’’

‘‘तुमचाच की.’’

‘‘मला मुलगा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’ बाई सावध झाल्या. पर्स मांडीवर घेतली.

आत्याही सावध झाली. मुलगा लपवतायत म्हटल्यावर त्याच्यात काहीतरी खोट असणार. ‘‘आसंल की एखादा. सांगायला काय हुतंय?’’

हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली स्नेहल तशीच उभ्या उभ्या म्हणाली, ‘‘मगदूम बाई, मीच फोन केला होता. ह्यांना कुणाला माहीत न्हाई.’’

भावकीतून एक सुस्कारा गेला. बाईंनी बशी हातात घेतली, पोह्यांकडं रोखून बघितलं आणि विचारलं, ‘‘कांदा आहे?’’

‘‘आवं, कांद्याबिगर पोहं व्हत्यात का?’’ आत्या म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ‘‘मगदूम म्हंजे... आगं बया, जैनाच्या हायसा व्हय!’’ वहिनी दुसरे पोहे करायला आत पळाल्या.

मग बाईंनी पुढच्या भरल्या सोप्यात स्नेहलला तो प्रश्न विचारला. घरात तुला विचारल्याशिवाय काय होत नाही?

‘‘मोटार,’’ स्नेहल म्हणाली. खरंच होतं ते. विहिरीवरची मोटार चालू होईना, स्टार्टर पडायला लागला, की आम्ही सगळे बाप्ये आधी वीज कंपनीला शिव्या घालतो आणि मग स्नेहलला हाक मारतो.

‘‘शॉक बसलाय कधी?’’

‘‘बसलाय.’’

‘‘मग काय केलंस?’’

‘‘दुसऱ्या दिवशी रबरी चप्पल घालून गेले.’’

बाई त्या घरात पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, आयटीआयला वीजतंत्री म्हणून दोन वर्षांचा कोर्स आहे, सांगलीत राहायची सोय मी बघते, पुढं वीज कंपनीत मुलींनाही घेतात.

‘‘म्हंजे आमची पोरगी खांबावर चढणार?’’ आत्यानं कपाळावर हात मारला.

सगळ्यांनी आबाकडं पाहिलं. आता भडका उडणार म्हणून मी जरा सोप्याच्या खांबाआड सरकलो. आणि आबा शांतपणे म्हणाला, ‘‘चढू दे की. शिकत आसंल तर शिकू दे. माझी हरकत न्हाई.’’

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा ऊर भरून आला. बाईंच्या कपाळावर मात्र आठी पडली.

स्टँडवर सोडायला मी बरोबर गेलो. बाई म्हणाल्या, ‘‘धाकटे पाटील, तुमचे बंधू इतक्या लवकर हो का म्हणाले?’’

‘‘माणूस निवळतो वयानुसार.’’

‘‘कशावरून? पटकन हो म्हणणाऱ्या बापाचा मला भरवसा वाटत नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं.’’ थोडं चालून त्या थांबल्या. ‘‘घराला रंग कधी दिलात?’’

‘‘झाला आठवडा.’’

‘‘भर पावसाळ्यात? आणि रविवारी कोण येणार आहे?’’

मी म्हटलं, कोणी नाही. घरी येऊन हिला विचारलं, तर ही कांदा चिरता चिरता म्हणाली, ‘‘लोणंदचं स्थळ येणार हाय स्नेहलला बघाय. पसंत पडलं की लगेच सुपारी. सगळ्यांना ठाऊक हाय, पोरीला आन तुमास्नी सोडून.’’ म्हणजे पोरीला शिकायला हो म्हणायचं, आणि आयटीआयच्या प्रवेशाआधी लग्नच ठरवून टाकायचं. हो म्हणायला आबाचं काही जातच नव्हतं. आता रविवार उलटायच्या आत काही झालं नाही, तर स्नेहल सांगलीऐवजी लोणंदला जाणार, हे उघड होतं.

मी बाईंना फोन केला. मला वाटलं होतं, त्या आबाला फोन करून झाडतील. त्या म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी मला घ्यायला या. लोणंदला जाऊ.’’

कराडमार्गे साताऱ्याकडं निघालो. वाटेत बाईंनी माझ्या गाडीचे ब्रेक, माझा चष्म्याचा नंबर आणि रस्त्यावरच्या बाणांचा खरेखोटेपणा या सगळ्यांची चौकशी केली. लोणंदच्या माणसांविषयी तर त्यांनी मनाशी खटलाच चालवून निकालही देऊन टाकला होता. कांद्याचे व्यापारी, पैसेवाले, मुलगी दावणीला बांधायला हवी असणार.

मुलाच्या घरी गेलो तर मुलाची आई, यमुनाबाई, कांद्याच्या वखारीत बायकांबरोबर बसून कांदा निवडत होत्या. आयुष्यात कधी कांदा न खाल्लेल्या मगदूम बाई कांद्याच्या ढिगाला टेकून पोत्यावर बसल्या. नाकाला पदर लावला नाही. डोळ्यांतून मात्र धार लागली आणि तशाच त्या म्हणाल्या, ‘‘मुलीला शिकायचंय, हे तुम्हाला माहीत आहे?’’

यमुनाबाईंचा हात थांबला. ‘‘शिकायचंय? आवं, सुभेदार तर म्हनलं, पोरीला शिक्षणाचा लय कंटाळा हाय.’’

‘‘आणि तुम्हाला ते खरं वाटलं?’’

‘‘सुभेदार मानूस खोटं कशाला बोलंल?’’

‘‘तेच मला कळत नाही,’’ बाई डोळे पुसत म्हणाल्या.

यमुनाबाईंनी हातातला कांदा बाजूला टाकला. ‘‘हे बगा बाई. मी समदा दिस हितं आसती. मन दुसरीकडं आसलेली पोर घरात आणली, तर ती माज्या तोंडाकडं बगत बसंल आन मी तिच्या. मला न्हाई जमायचं त्ये. शिकू द्या तिला. आमी दुसरं स्थळ बगू. तुमीच सांगा सुभेदारास्नी, आमी रविवारी येत न्हाई म्हणून.’’

‘‘तुम्हीच फोन करा. आमच्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मीसुद्धा ठेवला नसता.’’

परतीच्या वाटेवर सातारा मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘या बाईंविषयी माझा अंदाज साफ चुकला. लोणंदला दोष नाही. मोठे पाटील कशाला तरी घाबरलेत.’’

आबा आणि घाबरलाय! मी गाडी चालवता चालवता हसलो. बाईंनी ताबडतोब समोर बघायला सांगितलं.

कडेगावला पोचलो तेव्हा लोणंदचा फोन येऊन गेला होता. आबा सोप्यात येरझाऱ्या घालत होता. ‘‘माझ्या घरात येऊन माझंच ठरवलेलं स्थळ मोडलं! आन नाना, तू गाडी चालवलीस?’’

‘‘मी फक्त चालवली,’’ मी म्हटलं.

‘‘ती तरी कवा धड चालवलीस रं?’’

बाई उभ्याच होत्या. ‘‘मोठे पाटील, तुम्ही तोंडानं हो म्हणालात आणि मागून नाही केलंत. सरळ नाही म्हणाला असता, तर मी चार वेळा येऊन भांडले असते. आता मी कुणाशी भांडू?’’

आबा चालता चालता थांबला. स्नेहल दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं न बघता तो खाली बसला आणि त्याच्या एवढ्या मोठ्या आवाजाचा कुठं पत्ताच राहिला नाही. ‘‘आवं बाई, तारंला चिकटलेलं मानूस बघितलंय का तुमी? मी बघितलंय पलटणीत. हातानं रेडा लोळवायचं बळ आसलेला गडी. पोरीला मोटारीवर शॉक बसला, तवाच ठरवलं, हिला उजवून टाकायची. ही खांबावर चढणार आन मी हितं बसून काय करू? पाऊस आला, वारं सुटलं, की फोनकडं बघत बसू? न्हाई जमायचं मला. कुणी काय बी म्हना.’’

बाईंचं ‘कशावरून’ आलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या आबासमोर बसल्या.

वहिनी आतून आल्या. हाताला पीठ तसंच. आबासमोर त्यांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं आणि तेव्हाही त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत.

‘‘तुमी बंदूक घिऊन गेला, तवा मला कुणी इचारलं व्हतं का, जमंल का म्हणून?’’

आबानं वर पाहिलं.

‘‘समदी नोकरी तुमी तिकडं काढली आन मी हितं दाराकडं बघत. पोस्टमन दिसला, की त्यो म्होरं जाईस्तोवर मी चुलीम्होरनं उठायची न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई. आता तुमी बसा. दार हितंच हाय.’’

गोठ्यात म्हैस हंबरली. मग मगदूम बाईंनी बाहेर उतरत्या उन्हाकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, सूर्य मावळायच्या आत मला दोन घास मिळतील का? सकाळपासून कांद्यात बसलेय, पोटात काही नाही.’’ आणि वहिनींच्या मागोमाग त्या स्वयंपाकघरात गेल्या. आत दोघी काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. आबा मात्र जेवणं होईस्तोवर दाराशीच बसून होता.

प्रवेशाच्या दिवशी स्नेहलला सोडायला आबा आणि मी गेलो. आबानं पलटणीतली आपली काळी ट्रंक तिला दिली होती. वरचं स्वतःचं नाव खरवडून तिथं पांढऱ्या रंगानं तिचं नाव घातलं होतं. अक्षरं थोडी वाकडी आली होती, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. बाई फाटकाशी आमच्या आधीच हजर. स्वच्छतागृहं बघून झाली होती, एका दाराची कडी ढिली निघाली म्हणून कारकुनाला फैलावर घेऊन झालं होतं. कागदपत्रं झाली, पैसे भरून झाले, ट्रंक हॉस्टेलच्या खोलीत ठेवून झाली. स्नेहल आबाच्या पाया पडली. आबानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि तो झपाझप चालत गाडीत येऊन बसला.

मी बाईंना म्हटलं, ‘‘चला, तुम्हाला घरी सोडतो.’’

‘‘तुम्ही आधी निघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी थांबते.’’

‘‘आता कशाला?’’

त्यांनी गाडीतल्या आबाकडं एकदा बघितलं.

आम्ही जेमतेम मोठ्या रस्त्याला लागलो असू, आबा म्हणाला, ‘‘गाडी वळव.’’

‘‘काय राहिलं?’’

‘‘वळव म्हणतो न्हवं!’’

परत आलो तर बाई फाटकाच्या बरोबर मध्यभागी उभ्या. छत्री मिटलेली, आडवी धरलेली. आबा खाली उतरला. एवढा सुभेदार, पण त्या छत्रीपाशी थबकला. मग त्यानं खिशात हात घालून ट्रंकेच्या कुलपाची किल्ली बाहेर काढली. ‘‘ही माझ्याकडंच राहिली. पोरीला देऊन येतो.’’

‘‘मी देते,’’ बाई म्हणाल्या आणि हात पुढं केला.

आबानं किल्ली लगेच सोडली नाही. दोघंही काही क्षण तशीच उभी राहिली, तिच्या एकेका टोकाला धरून. मग त्यानं सोडली. बाईंनी ती उजेडात धरून बघितली, ‘‘लागते का बघून येते, इथंच थांबा,’’ म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या मोकळ्या हातानं. ‘‘लागली. मुलगी वर्गात गेलीय. निघा आता.’’

किल्ली खिशात राहिली होती, की ठेवली होती, हे मी आबाला अजून विचारलेलं नाही. स्नेहल पुढं शिकली, नोकरीला लागली, आणि आता वादळवारं झालं की आबा फोन मांडीवर घेऊन बसतो. ते सगळं झालं. बाईंची आणि माझी गाठ मात्र त्यानंतर पडली नाही. मला त्या आठवतात त्या त्या दिवशीच्या, गाडीच्या आरशातल्या. आम्ही पुढं निघालो तशा त्या फाटक सोडून पुढं आल्या, आणखी पुढं आल्या, आणि आम्ही कडेगावच्याच रस्त्याला वळतोय ना, हे बघायला थेट रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. मागून एक रिक्षा हॉर्न मारत होती. बाई हलल्या नाहीत.

आबा मान न वळवता म्हणाला, ‘‘गेल्या का रं?’’

‘‘न्हाई. बघत्यात.’’

‘‘बघू दे,’’ आबा म्हणाला. ‘‘तू सरळ चल.’’